माझ्या रानाच्या तीन पाहण्या

माणसाने वाईट केलं तर त्याला चार शिव्या हासडून मोकळं होता येतं. पण चांगलं करायला येऊन कुणी वाटोळं केलं, तर त्याला काय म्हणायचं, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. आमच्या वाडीने माझं चांगलं केलं आणि सरकारने त्यावर कळस चढवला. ते सगळं सांगते. मध्येच माझा आवाज चढला तर चढू दे.

आमची वाडी चाकणच्या पलीकडे, नाशिक रस्त्यापासून थोडी आत. माझे मालक लालमहंमद गावचे मुलाणी. जत्रेचा बकरा असो की कुणाच्या घरचा नवस, सुरी त्यांचीच. बाकी आम्ही शेतकरीच. रस्त्याला लागून दीड एकर रान आणि शेजारच्या रानातल्या म्हाताऱ्या दत्तोबाच्या सामाईकीत एक विहीर, जी माझ्या सासऱ्यांनी आणि दत्तोबाच्या बापाने मिळून खणलेली. त्या हिवाळ्यात पिंपरीला कारखान्याचं बांधकाम जोरात होतं, म्हणून कांद्याची लागण उरकून हे तिकडे मजुरीला गेले. घमेली वाहताना परांचीवरून पडले आणि पाय मोडून घरी आले. घरात ह्यांचा पाय प्लास्टरात, रानात कांदा सुपारीएवढा, आणि अशातच होळीच्या तोंडावर गारपीट झाली.

गारा किती मोठ्या होत्या ते सांगत बसत नाही. ज्याने-त्याने आपल्या मनाने त्या मोठ्या केल्याच आहेत. कौलं फुटली, दत्तोबाची शेळी मेली. उघडीप झाल्यावर रानात गेले, तर सगळी पात चिखलात झोपलेली. पुढे माना सडायला लागल्या आणि वास सुटला. साऱ्या वाडीची तीच गत होती, म्हणून कुणी कुणाचं सांत्वनही केलं नाही. मी बांधावर बसून मोठ्याने रडले आणि मग घरी येऊन भाकरी थापल्या.

रडायचं कारण नुसता कांदा नव्हता. कांदा विकून पावसाळ्याचं भुईमुगाचं बी घ्यायचं ठरलं होतं. आता बी कुठून आणायचं? बी नाही तर पेरणी नाही, आणि पेरणी नाही तर रान दुसऱ्याच्या हाती द्यायचं. तो दुसरा तयारच होता. दौलतराव म्हणजे आमच्या गावचे मोठे बागाईतदार, तोंडाने साखर आणि डोळा बांधावर. गारांचा चिखल वाळला नव्हता तोच ते आमच्या बाजेवर येऊन बसले.

"लालभाई, तुमी जिवाला लावून घेऊ नका," ते म्हणाले. "बी माझं, बैल माझं, मानसं माझी. रान तेवढं तुमचं. निम्मं-निम्मं करू. तुमचा पाय बरा हुईस्तवर हां, मला काय हाव न्हाई."

हे माझ्याकडे बघायला लागले. मी पदर सारखा करत आत गेले, कारण तिथे थांबले असते तर तोंडातून निघू नये ते निघालं असतं. ते कुळकायद्याचे दिवस होते. तलाठ्याच्या पीकपाहणीत रान कसणारा म्हणून एकदा दौलतरावांचं नाव लागलं, की उद्या जमीन त्यांची. हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. पण आमच्या ह्यांचा स्वभाव असा, की समोरच्याला 'नाही' म्हणताना त्यांच्याच पोटात दुखतं. "मिरगापर्यंत बघू की," म्हणाले. दौलतराव खुशीत चहा पिऊन गेले. त्यांच्या माघारी मी ह्यांना जे बोलले ते इथे सांगत नाही.

प्लास्टर काढायच्या दिवशी मी ह्यांना घेऊन एस.टी.ने पिंपरीला गेले. मुकादमाने तिथल्या डॉक्टरांना सांगून ठेवलं होतं. ह्यांना आत घेतलं आणि मी बाहेर कॅम्पाच्या बाजारात हिंडत बसले. निर्वासितांच्या बायका आणि कारखान्यावरच्या मजुरांच्या बायका हिरव्या भाजीवर अशा तुटून पडत होत्या, की कोथिंबिरीची वाळकी जुडीसुद्धा मागे राहत नव्हती. आमच्याकडे ती गाईपुढे टाकतात. मला हसू आलं. मग डॉक्टर म्हणाले, हाड जुळलंय, पण ह्या वर्षी नांगर धरायचा नाही. माझं हसू तिथेच गेलं.

परतीला चाकणच्या स्टँडवर नानासाहेब भेटले. नानासाहेब आमचे तलाठी. माणूस वाईट नाही, पण कागदाबाहेर कधी पाऊल टाकणार नाही. मला बघून सायकलवरून उतरले.

"झुलेखाबाई, बरं झालं भेटलात. गारपिटीची मदत मंजूर झाली आहे. ज्यांचं पीक गेलं त्यांना भुईमुगाचं बी फुकट आणि सारा माफ. उद्या सकाळी मी पंचनाम्याला येतो. पीक जसं पडलंय तसंच राहू द्या, एक पात हलवू नका."

मी तिथे स्टँडवरच नानासाहेबांना दुवा दिली. ह्यांना म्हटलं, बघा, दौलतरावांना आता खुशाल 'नाही' म्हणा. वाडीपर्यंतची वाट आम्ही दोघं बोलत आलो, आणि हे कुबडी टेकत होते तरी मला वाट लांब वाटली नाही.

वाडीच्या वळणावर आलो आणि मला आमचं रान दिसेना. म्हणजे रान होतं, पण ते आमचं दिसेना. सकाळी जाताना तिथे सडलेला, पिवळा कांदा पडलेला होता. आता नुसती काळीभोर नांगरट. ढेकूळ ढेकळावर चढलेलं, एक पात दिसेल तर शपथ. बांधावर आंब्याखाली वाडीतले सगळे नांगर ओळीने उभे आणि सगळे बाप्ये घाम पुसत बसलेले. हिंदुराव, आमचा शेजारी, मला बघून उठलाच. त्याच्या तोंडावरचा आनंद मी जन्मात विसरणार नाही.

"वैनी!" तो ओरडला. "झालं तुमचं रान! लालभाई न्हाई नांगर धरू शकत तर आमी काय मेलोय व्हय? समद्या वाडीनं इर्जिक केली. तुमाला कळू दिलं न्हाई. म्हनलं, येऊन बगूद्या!"

इर्जिक म्हणजे काय, ते बाहेरच्यांना सांगायला हवं. ज्याचं काम अडलं त्याच्या रानात सगळ्यांनी आपापले नांगर घेऊन जायचं, भलरी म्हणत एका दिवसात काम उरकायचं, आणि मजुरी घ्यायची नाही. रानाच्या मालकाने फक्त जेवू घालायचं. आजवर वाडीत जितक्या इर्जिकी झाल्या, त्या प्रत्येकीला आमचे हे पहिला नांगर घेऊन गेलेले. ते फेडायला सगळे आले होते. आपापली रानं तशीच सडत ठेवून, आधी आमचं नांगरायला आले होते.

मी तोंड उघडलं. ह्यांनी माझा हात घट्ट दाबला आणि हळूच म्हणाले, "गप. जेवायला बसायचीत मानसं." मग मी काय करणार? खुराड्यात हात घालून अंड्यावरच्या दोन्ही कोंबड्या धरल्या आणि ह्यांच्या पुढ्यात टाकल्या. आमच्या घरचं शिजलेलं कुणी खायचं, कुणी नाही. त्यावर गावाने फार पूर्वीच वाट काढली होती: शिधा आमचा, सुरी आमची आणि चूल हिंदुरावाच्या अंबूबाईची. घरातलं होतं नव्हतं ते जोंधळ्याचं पीठ मी तिच्या ओट्यावर नेऊन ओतलं. माझं रान बुडवल्याबद्दल मीच सगळ्यांना जेवू घालत होते.

चुलीपुढे बसल्यावर मात्र मला राहवलं नाही. मी अंबूबाईला सगळं सांगितलं. नानासाहेब काय म्हणाले, बी कसं मिळणार होतं, पीक कसं तसंच ठेवायचं होतं. अंबूबाईचा भाकरी थापणारा हात थांबला. ती तशीच पिठाच्या हातांनी बाहेर गेली आणि पंगतीत बसलेल्या नवऱ्याला म्हणाली, "अवो, काय केलंत ह्ये?"

हिंदुरावाचा घास हातातच राहिला. म्हातारा दत्तोबा माळकरी, तो बाजूला नुसती भाकरी आणि गूळ खात होता, त्यानेही पान सारलं. मला त्यांची दया यायला हवी होती. मला राग आला. "खा आता," मी म्हटलं. "कोंबड्या परत येणार नाहीत." आणि मी अंबूबाईच्या परड्यात जाऊन पुन्हा रडले.

दुसऱ्या दिवशी नानासाहेब कोतवालाला घेऊन आले. पंच म्हणून ज्यांना उभं केलं ते दोघे कोण? हिंदुराव आणि दत्तोबा. नानासाहेबांनी बांधावरून रानाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि चष्मा काढून पुसला.

"बाई, मी काल काय सांगितलं होतं?"

"तुम्ही सांगितलं तेव्हा रान नांगरून झालं होतं," मी म्हटलं.

"नानासाहेब, पीक होतं," हिंदुराव म्हणाला. "माझ्या डोळ्यांदेखत होतं. मीच नांगरलंय त्ये. कुटं बी सांगा, बेलभंडार उचलून सांगतो."

"बेलभंडार उचलून पंचनामा होत नाही, हिंदुराव. पंचनामा म्हणजे डोळ्यांना दिसतं ते. मला काय दिसतंय? नांगरट. उद्या तालुक्याहून साहेब तपासायला आले तर त्यांना काय दिसेल? नांगरट. मी पीक लिहिलं तर माझी नोकरी जाईल." मग ते जरा खाली आवाज करून म्हणाले, "आणि शहाणे असाल तर कुणाकुणाचे नांगर होते ते मोठ्याने बोलू नका. मला कसणाऱ्याच्या नावापुढे सगळी वाडी लिहावी लागेल."

'पीक नाही' असं लिहिलेल्या कागदावर हिंदुरावाने सही केली आणि दत्तोबाने अंगठा उठवला. दत्तोबाने अंगठा इतक्या जोराने दाबला की शाई पसरली आणि नानासाहेबांनी तो पुन्हा घेतला. वाडीत बाकी सगळ्यांची नावं मदतीला लागली. गारा सगळ्यांवर सारख्या पडल्या, आणि वाडीत एकटी मी कोरडी ठरले.

नानासाहेबांनी जाताना दोन वाटा सांगितल्या. एक, प्रांतसाहेबांकडे अर्ज करायचा. तो त्यांनी स्वतः बसून लिहून दिला. दुसरी, सर्कलसाहेब सगळ्या गावांची फेरपाहणी करायला येणार होते. "ते काय बघतील ते मला ठाऊक नाही," नानासाहेब म्हणाले आणि सायकलवर बसून गेले.

ह्या दुसऱ्या वाटेवर अंबूबाईचं डोकं चाललं. तिने वाडीतल्या बाया गोळा केल्या आणि माझ्या दारात येऊन उभी राहिली. त्यांचे पंचनामे झाले होते, त्यांची रानं आता मोकळी होती. तिथला मेलेला कांदा उपटून आणायचा आणि माझ्या रानात, रस्त्यावरून दिसेल एवढ्या पट्ट्यात लावायचा.

"हे खोटं आहे," मी म्हटलं.

"कसलं खोटं? तुझा कांदा मेला व्हता का न्हाई?"

"मेला होता."

"मग झालं तर. मेलेला कांदा मेलेल्या कांद्याच्या जागी. बाप्यांनी घालवलं, बाया भरून काढत्यात. आता ऊठ."

मी हट्टाने बसूनच राहिले असते, तर पुढचा मनस्ताप टळला असता. पण त्या पाट्या भरभरून आणायला लागल्या, चिखलात वाकून लावायला लागल्या, आणि लावता लावता हसायला लागल्या. मेलेल्या पिकाची लागण आजवर कुणी केली होती? "सरळ लावू नका गं," मी ओरडत होते, "आडवंतिडवं पडू द्या!" पण जन्मभर ओळीत लावायची सवय, हात ऐकतोय कुठे. संध्याकाळी पट्टा तयार झाला. पात पिवळी, माना मोडलेल्या, अगदी बघवत नव्हतं. मला समाधान वाटलं.

सर्कलसाहेब येत्या दोन दिवसांत येणार होते. आले नाहीत. पाडवा गेला, रामनवमी गेली. मी दळणकांडणात आणि ह्यांच्या पायाला तेल लावण्यात होते. रानाकडे बघायचंही मन होत नव्हतं. एके दिवशी सहज बांधावर गेले आणि उभीच्या उभी राहिले. पट्टा हिरवागार. प्रत्येक कांद्याला नवी पात फुटलेली, वाऱ्यावर हलतेय. वाफ्यांतून पाण्याचा ओलावा चमकत होता. विहिरीवर दत्तोबा मोट हाणत होता.

"दत्तोबा!" मी किंचाळले. "पाणी कुणी द्यायला सांगितलं?"

"कुनी न्हाई," दत्तोबा म्हणाला. त्याने बैल थांबवले. "माझ्या रानाला पानी देत व्हतो, मग दारं मोडून हिकडं बी वळवलं. लावलेलं रोप पान्यावाचून ठिवायचं? पोरी, मला न्हाई बगवत. पाप लागतं."

"मेलेलं होतं ते! मेलेलंच ठेवायचं होतं!"

"व्हय गं," तो खाली बघून म्हणाला, "पर तहानलेलं दिसायचं."

आता ह्या माणसाला काय बोलायचं? पन्नास वर्षं मोट हाणलेला माणूस. मी डोक्यावर हात मारून खाली बसले. उपटून टाकावं म्हटलं, तोच रस्त्यावर जीप थांबली. इतके दिवस न आलेले सर्कलसाहेब त्याच घटकेला आले. माझं नशीब वेळेच्या बाबतीत फार पक्कं आहे.

साहेब खाली उतरले आणि बांधावर उभे राहून बघतच राहिले. "वा!" म्हणाले. "सकाळपासून सगळी उजाड रानं बघतोय. हे कुणाचं?"

नानासाहेबांनी घसा साफ केला. "हेच ते, साहेब. फेरपाहणीचं."

"कसलं नुकसान? उत्तम पीक आहे."

"साहेब, ह्याला खाली काही नाही," मी म्हटलं. "ही नुसती पात आहे. उन्हाळ्यात फुटलेला कांदा पोसत नाही. उपटून दाखवू?"

"बाई, मला शेतीतलं समजतं," साहेब हसून म्हणाले. "मदत मिळवायला लोक काय काय सांगतात. मला तर वाटतं, तुमचंच उदाहरण बाकीच्यांनी घ्यावं. गारपिटीनंतरही हिंमत धरली, पाणी दिलं, पीक वर काढलं." त्यांनी नानासाहेबांना लिहायला सांगितलं: नुकसान नाही, पीक उत्तम. मग माझ्याकडून प्यायला पाणी मागून घेतलं आणि चांगली विहीर आहे म्हणाले.

जीप गेल्यावर मी त्या उत्तम पिकावर तुटून पडले. मुळासकट उपटायला लागले. हाताला येईल ते ओढून बांधावर फेकत होते आणि तोंडाने सरकारला, वाडीला, दत्तोबाला, आमच्या ह्यांना, सगळ्यांना धरून बोलत होते. अंबूबाई धावत आली आणि लांबच उभी राहिली. फेकता फेकता एक मूठ माझ्या नाकापाशी आली. कोवळ्या पातीचा तिखट, ताजा वास. मला एकदम पिंपरीचा कॅम्प आठवला आणि त्या वाळक्या जुडीवर तुटून पडणाऱ्या बायका आठवल्या. मी फेकायची थांबले.

"अंबूबाई," मी म्हटलं, "केळीचं सोपट आण. जुड्या बांधू."

पहाटे हिंदुरावाची बैलगाडी काढली आणि मी स्वतः बरोबर गेले. हिंदुराव 'मी जातो की' म्हणत होता, त्याला मी म्हटलं, तुम्ही आता माझं काही करू नका, फक्त बैल हाका. कॅम्पात चादर पसरून बसले तेव्हा लाज वाटत होती. मुलाण्याच्या घरातली बाई मी, बाजारात कधी ओरडले नव्हते. पण माझ्या आवाजाला वाडीत सगळे भितात, तो तिथे कामाला आला. दुपारच्या आत गाडी रिकामी झाली. बाकीचा पट्टाही तसाच दोन फेऱ्यांत विकला. पहिल्या फेरीनंतर अंबूबाईसाठी बांगड्या घेतल्या आणि दत्तोबासाठी मोटेचा नवा सोलदोर. शेवटच्या फेरीला येताना चाकणहून भुईमुगाचं बी आणलं.

पोतं दारात उतरलं तेव्हा दौलतराव बाजेवर बसले होते. "मिरीग जवळ आला, लालभाई," ते म्हणत होते. मी पोतं त्यांच्या पायाशी आपटलं. आमचे हे आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, "न्हाई जमायचं, दौलतराव." आणि त्यांचं पोट मुळीच दुखलं नाही.

मृगाला पेरणी झाली. हिंदुरावाने पाभर हाकली, पण चाड्यावर मूठ मी धरली. आषाढात भुईमूग फुलावर आला आणि मी खुरपत होते, तर बांधावर छत्र्या दिसल्या. नानासाहेब, एक तरुण साहेब, आणि त्यांच्याबरोबर सभ्य माणूस म्हणून दौलतराव.

"झुलेखाबाई," नानासाहेब अवघडून म्हणाले, "तुमचा अर्ज मंजूर झाला. प्रांतांच्या कचेरीतून साहेब आलेत. गारपिटीचं नुकसान बघायला."

मी खुरपं हातात घेऊन उभी राहिले. हसावं की ते खुरपं फेकून मारावं, कळेना. "आषाढात?" मी विचारलं. "बघा की. दिसतंय का कुठे?"

तरुण साहेबाने इकडे-तिकडे बघितलं. त्याला खरंच ओशाळल्यासारखं झालं. "इथे तर भुईमूग आहे," तो म्हणाला. तोपर्यंत छत्र्या बघून हिंदुराव, दत्तोबा, अंबूबाई आपापल्या रानांतून आले होते.

"साहेब, जरा येगळं सांगतो," दौलतराव गोड आवाजात म्हणाले. "ह्या बाईंचा नवरा पायानं अधू. रान वाडीनं नांगरलं. कांदा वाडीतल्या बायांनी लावला. पानी ह्या म्हाताऱ्यानं दिलं. पाभर ह्या हिंदुरावाची. मग कसतंय कोन? पीकपाहणीत त्ये एकदा नीट लागाया पायजे. मी काय, खंड देऊन कुळ म्हनून नाव लावायला तयार हाय."

साहेब नानासाहेबांकडे वळला. नानासाहेबांनी पिशवीतून दप्तर काढलं होतं आणि त्यांची लेखणी थांबली होती. सगळ्यांनी केलेलं चांगलं आता ओळीने उभं राहून माझं रान घेऊन चाललं होतं.

"नानासाहेब," हिंदुराव एकदम म्हणाला. "पंचनामा म्हंजे डोळ्यांना दिसतं त्ये. तुमीच म्हनला व्हता."

"हो, म्हणालो होतो."

"त्या दिशी मी पंच व्हतो. पीक होतं त्ये ठावं असून, दिसत न्हाई म्हनून सही केली. आज बी मला पंच घ्या. मागं कुनाचा नांगर व्हता, कुनाची पाभर व्हती, त्ये आज दिसतंय का कुनाला? मला दिसत न्हाई. मला एक बाई दिसती, रानात उभी, हातात खुरपं."

"मला बी तेवढंच दिसतंय," दत्तोबा म्हणाला आणि शाईच्या डबीसाठी अंगठा पुढे केला.

पाऊस बारीक भुरभुरत होता. मी चिखलाचे पाय घेऊन बांधापर्यंत गेले. "साहेब," मी म्हटलं, "गारपीट झाली नाही असं लिहा. पीक उत्तम होतं असं लिहा. आमचा कांदा कधी नव्हताच असं लिहा, मला चालेल. पण कसणाऱ्याच्या जागी 'खुद्द' लिहा, म्हणजे ज्याचं रान तोच कसतो."

तरुण साहेबाने मान हलवली. नानासाहेबांनी छत्री कोतवालाच्या हाती दिली आणि लिहिलं. मी त्यांना ते मोठ्याने वाचायला लावलं. दौलतरावांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने त्यांनी वाचलं: "खुद्द."

मदत काही आली नाही. साहेब जाताना 'प्रयत्न करतो' म्हणाला होता, तो बहुधा अजून करत असेल. छत्र्या रस्त्याला लागल्या तरी हिंदुराव मात्र बांधाबाहेरच घुटमळत होता. आत पाऊल टाकत नव्हता.

"काय भावजी?" मी विचारलं.

"न्हाई, म्हनलं..." त्याने डोक्यावरची घोंगडी सारखी केली. "भुईमूग निघाला की नांगरटीला येऊ का आमी?"

इतक्या वर्षांत त्याने पहिल्यांदा विचारलं होतं. मी खुरपायला खाली वाकले, कारण डोळ्यांत पाणी आलेलं त्याला दाखवायचं नव्हतं.

"या," मी म्हटलं. "पण आधी मी घरात आहे का बघा."